गमरेसाहेबांचा हात

चंद्रशेखर गमरे यांनी एक महिन्याची नोटीस दिल्याचे पावणे गावातल्या त्या लहानशा कारखान्यात पसरले, तेव्हा बर्फाच्या लाद्या फोडणाऱ्या दोघांनी हातोडे खाली ठेवले. साहेब का चालले, कुठे चालले, हे कोणी विचारले नाही. "आता रंग कसा येनार?" एवढेच त्यांतल्या एकाने विचारले आणि दुसऱ्याने मान हलवली.

कारखान्यात छपाईच्या शाईसाठी लागणारा लाल रंग तयार होत असे. त्यातली नाजूक पायरी एकच होती. विटांच्या मोठ्या टाकीत ॲसिडचे द्रावण बर्फ टाकून थंडगार ठेवायचे आणि त्यात नायट्राइटचे पाणी मगाने थोडे थोडे ओतायचे. घाई झाली की टाकीतला माल तापतो, तांबूस धूर निघतो आणि शेवटी हाती येणारा लाल रंग मळकट होतो. रसायनशास्त्राच्या पदवी परीक्षेत या प्रक्रियेवर पाच गुणांची टीप येते. गमरे यांना तिचे पाच गुण मिळाले होते आणि त्यानंतर तिनेच त्यांना नोकरीही दिली होती.

नोकरीच्या पहिल्या दिवशी, किती सावकाश ओतायचे हे दाखवण्यासाठी, त्यांनी पहिला मग स्वतःच्या हाताने ओतला होता. बॅच उत्तम निघाली. दुसऱ्या दिवशी मुख्य ऑपरेटर गंगाराम म्हात्रे यांनी मग भरून त्यांच्याच पुढे धरला. "सायेब, पयला तुमीच टाका." त्यात वाद घालण्यासारखे काही नव्हते, म्हणून त्यांनी तोही ओतला. सात वर्षांत ती रीत झाली. पहिला मग साहेबांचा, बाकीचे गंगारामभाऊंचे. साहेबांच्या हाताला गुण आहे असे सगळा कारखाना मानू लागला, आणि मालक दिनानाथशेठ, जे स्वतःला आधुनिक समजत, ते या मतावर हसत असत. पण साहेबांच्या रजेच्या दिवशी बॅच लावू नका, असेही सांगून ठेवत.

गमरे यांना ही गोष्ट दोन कारणांनी खुपत असे. एक, हाताला गुण असणे म्हणजे नेमके काय, हे कोणालाही सांगता येत नव्हते. दुसरे, त्यांच्या आजोबांच्या हाताबद्दल महाडजवळच्या त्यांच्या गावाचे मत अगदी उलट होते. त्या हाताने पाण्याला शिवू नये, असे गावाचे म्हणणे होते. तेही मत कोणी तपासून बनवलेले नव्हते. हाताला दोष चिकटवणारी माणसे आणि गुण चिकटवणारी माणसे यांची विचार करण्याची पद्धत एकच असते, असे गमरे यांना वाटे, आणि ते पहिला मग ओतताना दरवेळी किंचित अवघडत.

अडचण एवढीच होती की समज खोटा म्हणावा, तर पुरावा समजाच्या बाजूने होता. ते रजेवर असताना शेठनी नाइलाजाने लावलेल्या बहुतेक बॅच मळकट निघाल्या होत्या. योगायोग म्हणून सोडून द्यावे इतके ते प्रमाण कमी नव्हते. कारण काहीतरी होते. ते त्यांना सापडले नव्हते. सापडले नसते तरी चालले असते, पण आता ते स्वतःच चालले होते आणि त्यांच्या जागी मिस्बाह यायची होती.

मिस्बाह मुकादम उरणची. सहा महिन्यांपूर्वी प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलेली, एस.टी.ने रोज ये-जा करणारी, हुशार आणि काटेकोर मुलगी. गमरे यांनी नोटीस देतानाच शेठना सांगितले होते, "माझ्या जागी तिला घ्या. बाहेरून माणूस शोधू नका."

"मुलगी चांगली आहे," शेठ म्हणाले होते. "पण टाकीवर?"

"टाकीला मुलगा-मुलगी कळत नाही."

"टाकीला कळत नसेल हो. माझ्या गिऱ्हाइकाला मळकट रंग कळतो."

पहिली बॅच मिस्बाहने केली तेव्हा गमरे नेहमीसारखे टाकीपाशी उभे राहिले. पहिला मग तिने ओतला. रंग झकास आला. गमरे यांनी समाधानाने गंगारामभाऊंकडे पाहिले.

"हा, येनारच," गंगारामभाऊ म्हणाले. "तुमी उभं व्हते ना हितं."

पुढच्या बॅचला गमरे मुद्दाम ऑफिसात बसून राहिले. रंग मळकट आला. त्याच्या पुढची बॅचही मळकट. मे महिना होता, बर्फ भराभर वितळत होता, म्हणून त्यांनी जास्तीच्या लाद्या मागवल्या होत्या, तरीही मळकट. कारखान्यात मिस्बाहला कोणी वाकडा शब्द बोलले नाही, आणि तेच जास्त वाईट होते. बर्फ फोडणाऱ्याने तिला आपल्यातला चहा दिला. गंगारामभाऊंनी समजावले, "पोरी, तुजा दोस नाय. कोनाच्या हाताला असतं, कोनाच्या नसतं."

तिसऱ्या दिवशी दिनानाथशेठनी गमरे यांना केबिनमध्ये बोलावले. टेबलावर दोन कागद होते. त्यांवर दोन लाल ठिपके. एक तेजस्वी, एक शिळ्या विटेसारखा.

"गमरे, तुम्ही दिवाळीपर्यंत थांबा. पगाराचे आपण बघू."

"महाडचे कॉलेज जूनमध्ये सुरू होते, शेठ. मी तेव्हा हजर झालो नाही तर ती जागा दुसऱ्याला देतील."

"मास्तरकीत ठेवलेय काय? इथल्यापेक्षा कमीच मिळणार."

"माझी मुलगी पायल आता तिसरीत जाईल. ती पहिलीत गेली, दुसरीत गेली, ते मला रविवारी घरी गेल्यावर कळले."

शेठनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त माल वेळेवर पाठवायचा होता. "ठीक आहे. तुमच्या शेवटच्या दिवशी एक बॅच आहे. भिवंडीची ऑर्डर आहे. तीही अशीच निघाली, तर मिस्बाहला मी परत बाटल्या धुवायला पाठवीन आणि दुसरा केमिस्ट बघीन. आणि तो मिळेपर्यंत तुमच्याकडे गाडी पाठवीन. महाडला. मग म्हणू नका."

गमरे बाहेर आले तेव्हा मिस्बाह प्रयोगशाळेच्या दाराशीच होती. तिला सगळे ऐकू गेले असावे. पत्र्याच्या भिंतीतून ऐकू न जाणे कठीण होते.

"सर, मी सगळं तसंच केलं," ती म्हणाली. "थर्मामीटर पाचच्या वर गेला नाही. शपथ घेऊन सांगते. मग हात सोडून दुसरं काय वेगळं आहे, तुम्हीच सांगा."

गमरे यांना धक्का बसला तो या वाक्याने. सात वर्षे कामगार बोलत होते त्याचे त्यांना विशेष वाटले नव्हते. पण ज्या मुलीला त्यांनी प्रत्येक निष्कर्षाआधी 'कशावरून?' असे विचारायला शिकवले, तीही आता आपल्या तळव्याकडे पाहत होती.

"थर्मामीटर कुठे टांगलास?"

"तुम्ही टांगता तिथेच. कडेला."

"आणि बर्फ?"

ती थांबली. "बर्फ... ढवळणीमुळे कडेलाच येतो."

"म्हणजे तू बर्फाचे तापमान मोजलेस. मीही सात वर्षे तेच मोजत आलो आहे, असे दिसते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण त्याने आपली चूक एकसारखी ठरते. तुझ्या-माझ्या रंगातला फरक त्यातून निघत नाही."

फरक शोधण्यासाठी ते गंगारामभाऊंकडे गेले. दुपारची सुट्टी होती. गंगारामभाऊ शेडच्या सावलीत डबा संपवून बसले होते. पावणे गावातलेच ते. कारखाना उभा होता त्या जमिनीत त्यांच्या वडिलांचे भाताचे खाचर होते, आणि सरकारने ती घेतल्याच्या बदल्यात परत मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडाचे प्रकरण कित्येक वर्षे कुठल्या ना कुठल्या टेबलावर पडून होते.

"गंगारामभाऊ, परवाच्या बॅचला ओतायला किती वेळ लागला?"

"परवा? लवकर आटपलं. चाच्या आदी."

"आपले तर चहानंतरही चालू असते."

"तुमी असले की चालतं."

"आणि मिस्बाह असली की का चालत नाही?"

गंगारामभाऊंनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू शिकलेल्या माणसाने भलतेच काही विचारावे. "सायेब, जवान पोरगी. ॲसिडच्या वासात ओडनी नाकाला लावून उभी रायते. दोले लाल व्हतात तिचे. तिला किती येल उभी करून ठेवायची? माजी पोरगी असती तर ठेवली असती का मी? आमी भरभर आटपतो, म्हनजे ती सुटली बिचारी."

"मी उभा असतो तेव्हा माझी दया येत नाही?"

"तुमाला कसली दया!" गंगारामभाऊ हसले. "तुमी तर बोलायला लावता. साडेबाराचं काय झालं, तारीख कदी, वकील काय बोल्ला. आता हातात मग धरून मानूस काय सांगनार? मग खाली ठेवायला लागतो. सांगून झालं की परत घ्यायचा. तुमी लगेच दुसरं इचारता."

हे एवढे साधे होते. टाकीत काय जाते, किती जाते, कोणत्या तापमानाला जाते याचा विचार गमरे यांनी हजार वेळा केला होता. टाकीच्या कडेला चाललेल्या गप्पांची मात्र त्यांनी कधी गणतीच केली नव्हती. गंगारामभाऊंना हातवारे केल्याशिवाय बोलता येत नसे, आणि त्यांच्या जमिनीच्या प्रकरणाइतके लांबलचक प्रकरण साऱ्या औद्योगिक वसाहतीत दुसरे नव्हते. रंग सात वर्षे त्या प्रकरणाच्या जोरावर चांगला येत होता, आणि साहेबांच्या रजेच्या दिवशी ते विचारायला कोणी नसे. आणि गमरे यांना हेही कबूल करणे भाग होते की ते प्रश्न त्यांनी आपुलकीने विचारले नव्हते. टाकीशेजारी तासन्‌तास उभे राहून कंटाळा येई, म्हणून विचारले होते.

"तर मग पुढच्या बॅचला सावकाश ओता," ते म्हणाले.

"वततो की."

पण गमरे यांना माहीत होते. दोन मग सावकाश जातील. तिसऱ्याला ओढणी नाकाशी जाईल आणि मग चांगुलपणा आवरणार नाही.

प्रयोगशाळेत परत येऊन त्यांनी मिस्बाहला सांगितले. ती आधी हसली, मग तिला राग आला.

"म्हणजे मी एम.एस्सी. केलं ते गप्पा मारायला?"

"वेग आटोक्यात ठेवायला. साधन कोणतेही असो."

"सरळ 'हळू ओता' म्हणते की."

"म्हणशील?"

ती विचारात पडली. "काका माझ्या अब्बांच्या वयाचे आहेत. एकदा म्हणेन. दहादा नाही म्हणता येणार." मग थोड्या वेळाने, "आणि मी बोलू काय त्यांच्याशी? मला त्यांच्या साडेबारा टक्क्यांतलं काय कळतं?"

"तुमच्या घरची जमीन नाही गेली कुठे?"

"गेली ना. आजोबांची मिठागरं होती. बंदरात गेली. अब्बा अजून फाइल घेऊन फिरतात." तिने त्यांच्याकडे रोखून पाहिले. "सहा महिने मी इथे आहे, सर. तुम्ही हे आज पहिल्यांदा विचारलंत."

निरीक्षण अचूक होते. गमरे यांनी ते मान्य केले आणि थर्मामीटर टाकीच्या मधोमध टांगता येईल अशी तार शोधायला ते भांडारात गेले.

शेवटच्या दिवशी सकाळी ते शेठच्या केबिनमध्ये गेले तेव्हा तिथे खुर्चीवर शाल, नारळ आणि पेढ्यांचा बॉक्स ठेवलेला होता. संध्याकाळी बॅच संपल्यावर निरोप द्यायचा असे ठरले होते.

"शेठ, मला बॅच लागायच्या आधी सोडा. आता."

"आता? अहो, संध्याकाळी कार्यक्रम आहे. गंगारामने भाषण पाठ केलेय. दोन दिवस बर्फाशी बोलतोय तो."

"मी आवारात असलो आणि रंग चांगला आला, तर तो माझ्या नावावर जाईल. मागच्या वेळी मी नुसता उभा होतो तरी गेला. मिस्बाहला त्याचा उपयोग नाही. मी इथे नाही, हे सगळ्यांना दिसायला हवे."

"आणि मळकट आला तर?"

"तर तुम्ही गाडी पाठवाल."

शेठनी त्यांच्याकडे निरखून पाहिले, मग शाल उचलली आणि कसलेही भाषण न करता, उभ्या उभ्याच त्यांच्या खांद्यावर टाकली. "तुम्ही विचित्र माणूस आहात, गमरे. पण तुम्हाला मास्तरकी जमेल."

नारळ त्यांनी घेतला नाही. गंगारामभाऊंच्या हातून मिळायचा होता तो.

पण गेटपाशी गंगारामभाऊच उभे होते. पाठीमागे टाकीत बर्फ पडल्याचा धडधड आवाज येत होता. त्यांच्या हातात भरलेला मग होता.

"सायेब, तुमी चाल्ले. बरं. पन पयला टाकून जा. मग जा."

"नको, गंगारामभाऊ."

"एकच. पोरीचं चांगलं व्हईल. तिची नोकरी हाय, मला ठावं हाय सगलं. शेटचं बोलनं ऐकलं आमी." त्यांचा आवाज खाली आला. "तुमच्या हातानं टाकलात तर तिलाबी धीर येल ना."

एवढे सरळ, एवढे मायेचे मागणे गमरे यांच्याकडे क्वचितच कोणी केले होते. ओतणे सोपे होते. ओतले असते तर सगळ्यांना बरे वाटले असते, गंगारामभाऊंना सर्वांत जास्त. बहुधा बॅचही नीट निघाली असती. आणि पुढच्या बॅचला त्यांचा हात महाडला असता, मिस्बाह टाकीपाशी असती, आणि पुन्हा सगळे तिच्या तळव्याकडे पाहत राहिले असते.

"मी टाकला तर तिला कधीच टाकता येणार नाही," ते म्हणाले. "माझ्यावर विश्वास असेल तर एवढे ऐका. तो मग आत न्या."

गंगारामभाऊंचा चेहरा उतरला. सात वर्षांत त्यांनी साहेबांपाशी मागितलेली ही एकच गोष्ट असावी, आणि साहेबांनी ती नाकारली होती. "बरं," ते म्हणाले आणि वळले. मगातले पाणी हिंदकळून त्यांच्या पायावर सांडले. नमस्कार करायचा राहिला, हे दोघांच्याही नंतर लक्षात आले असावे.

ऐरोलीच्या खोलीत गमरे यांचे सामान बांधून झालेले होते. दोन पेट्या, पुस्तकांची तीन खोकी, एक टेबलपंखा. दुपारी त्यांनी वाचायचा प्रयत्न केला. मग पंख्याची जाळी उघडून पुसली आणि पुन्हा बसवली. मनातल्या मनात ते टाकीचा अंदाज घेत होते. आता बर्फ पुरेसा झाला असेल. आता ओतणे सुरू झाले असेल. आता ओढणी नाकाशी गेली असेल. एका बॅचवरून काही सिद्ध होत नाही, हे ते विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगणार होते. पण शेठ त्यांच्या वर्गात बसणार नव्हते. शेठसाठी ही एकच बॅच पुरावा होती, आणि मिस्बाहसाठीही.

कारखाना सुटायच्या सुमारास ते खाली कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये गेले. बूथवाल्याने ओळखीचे हसून लाल आकड्यांच्या मीटरकडे बोट केले. घंटा बराच वेळ वाजत राहिली.

"हॅलो?" मिस्बाहचा आवाज. "सर, तुम्हीच ना? मला वाटलंच. रंग आला."

"कशाशी ताडून पाहिला?"

"तुमच्या चांगल्या नमुन्याशी. दोनदा. शेठनी खिडकीत उजेडात नेऊन बघितला. काही बोलले नाहीत, पण भिवंडीला फोन लावून 'उद्या माल निघतो' म्हणाले."

गमरे यांनी बूथच्या काचेला पाठ टेकली. "तापमान?"

"मधोमध टांगला होता थर्मामीटर. पाचच्या वर सरकायला लागला की मी विचारायचे, 'मग पुढे काय झालं, काका?'" ती हसू आवरत होती. "सर, चहा होऊन गेला तरी आमचं संपेना. बर्फवाले कंटाळून खाली बसले. माझे आजोबा नि काकांचे वडील एकाच मोर्चात होते, ठाऊक आहे तुम्हाला? थांबा, काका फोन मागतायत."

रिसीव्हर हातातून हातात गेल्याची खरखर झाली.

"सायेब!" गंगारामभाऊ फोनवर बोलताना गेटावरून हाक मारल्यासारखे बोलत. "रंग बगाया पायजे व्हता तुमी. कुंकू निस्तं. मी सगल्यांना बोल्लो, पोरीच्या हाताला गुन हाय."

गमरे यांनी डोळे मिटले. सात वर्षे, एक महिन्याची नोटीस, सोडून दिलेला निरोप समारंभ, आणि समज होता तसाच होता. फक्त त्याने पत्ता बदलला होता. निदान नव्या पत्त्यावर मुलीचे भले होत होते, असे म्हणून ते गप्प राहिले असते.

"पन ती काय बोल्ली ठावं हाय?" गंगारामभाऊ पुढे म्हणाले. "सगल्यांसमोर बोल्ली, काका, मी एक मग टाकला. बाकीचं सगलं तुमी टाकलंत. हात कोनाचा मग? आता मी काय बोलनार? बर्फवाले हसाया लागले." आवाज थोडा खाली आला. आता ते खरोखरच विचारत होते. "सायेब, तुमी खोटं नाय बोलत. इतकी वर्सं... हात माजाच व्हता का?"

बूथच्या मीटरवर आकडा पुढे सरकला. एका बॅचवरून काही सिद्ध होत नाही. पण हा प्रश्न एका बॅचचा नव्हता. सात वर्षांतल्या प्रत्येक टाकीत, पहिला एक वगळता, प्रत्येक मग कोणी ओतला याबद्दल शंकेला जागाच नव्हती. इतक्या भरघोस पुराव्याचे उत्तर द्यायची संधी त्यांना आयुष्यात फार वेळा मिळालेली नव्हती.

"हो, गंगारामभाऊ," ते म्हणाले. "तुमचाच होता."

पलीकडे कोणीतरी पेढ्यांचा बॉक्स उघडत होते, कागद वाजत होता.

"मंग तुमी उगाच उभं व्हते व्हय तितं?" गंगारामभाऊ शेवटी म्हणाले, आणि स्वतःच मोठ्याने हसले. "बरं, ऐका. सकालचं सांगायचं रायलं. वकील बोल्ला, पुडची तारीख..."

गमरे यांनी खिशातून आणखी सुटे पैसे काढून बूथच्या फळीवर ठेवले आणि रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.